फॉर्ममध्ये शुगर लिहायची की लपवायची?

नाशिक जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ४४. यजमान ४८ वर्षांचे, एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत सुपरवायझर. मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. यजमानांना सात वर्षांपासून टाइप-२ मधुमेह आहे. रोज दोन गोळ्या चालू आहेत आणि शेवटचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ७.४ आलं होतं. कंपनीचा तीन लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे, स्वतःची पॉलिसी नाही. मागच्या वर्षी नणंदेच्या यजमानांची बायपास झाली आणि दागिने गहाण ठेवायची वेळ आली. तेव्हापासून ताईंच्या मनानं घेतलं आहे की आपली वेगळी पॉलिसी हवीच.

विम्याचं काम करणारे जाऊबाईंचे भाऊ म्हणतात, "फॉर्ममध्ये शुगर लिहूच नका. लिहिलीत तर नाकारतील, नाहीतर हप्ता वाढवतील आणि वर तीन वर्षं काही देणार नाहीत. पाच वर्षं गेली की कुणी विचारू शकत नाही." यजमान म्हणतात, "महिन्याला अडीच हजार गोळ्या-तपासण्यांवर जातात, त्यातला रुपयाही मिळणार नसेल तर विमा कशाला? वर्षाचे सोळा हजार आरडीत टाकू." यजमानांना शुगर आहे हे कंपनीत कुणालाच माहीत नाही आणि ते कळू नये असं त्यांना वाटतं. घरात ७२ वर्षांच्या सासूबाईही आहेत, शुगर आणि बीपी दोन्ही, त्यांना कुणी पॉलिसी देत नाही. ताई विचारतात, "खोटं लिहायला मन धजत नाही, पण खरं लिहून दार बंद झालं तर? घ्यावी का पॉलिसी, आणि घेतली तर काय लिहावं?"

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पॉलिसी घ्या, यंदाच घ्या, आणि फॉर्ममध्ये शुगर लिहा. कोणत्या वर्षी निदान झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटचा रिपोर्ट काय आला, सगळं लिहा.

जाऊबाईंच्या भावांनी सांगितलेलं सगळंच चूक नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं आहे. पाच वर्षांचा नियम खरा आहे. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, १ एप्रिल २०२४ पासून तो आठ वर्षांवरून पाचवर आणला. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती दडवल्याचं कारण काढून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे: फसवणूक सिद्ध झाली तर येतो. सात वर्षं रोज गोळ्या घेणाऱ्या माणसानं 'मधुमेह आहे का' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं, तर ते विसरून राहिलं असं म्हणायला जागा कुठे उरते? आणि अपवादाचं सोडा, पहिल्या पाच वर्षांचं काय? यजमानांची ४८ ते ५३ ही वर्षं. नेमकी हीच वर्षं हृदयाच्या दृष्टीनं काळजीची, हे तुम्ही नणंदेच्या घरी पाहिलंच आहे.

लपवलेली शुगर उघडी कशी पडते, ते सांगते. रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम हाताळले जातात तिथे, मी बरीच वर्षं बसले आहे, त्यामुळे हा कागद माझ्या हातून असंख्य वेळा गेला आहे. पेशंट कॅज्युअल्टीत येतो. ड्युटीवरचा डॉक्टर पहिल्या काही मिनिटांतच हिस्टरी घेतो. "शुगर-बीपी काही?" "शुगर आहे." "किती वर्षं?" छातीत कळ आलेल्या माणसाची बायको त्या क्षणी खोटं बोलत नाही. तिनं बोलूही नये, कारण उपचार त्यावर ठरतात. डॉक्टर केसपेपरवर घाईघाईत लिहितो, 'के/सी/ओ डीएम, सेव्हन इयर्स', म्हणजे सात वर्षांपासूनचा मधुमेहाचा रुग्ण. तो कागद स्कॅन होऊन कॅशलेसच्या अर्जासोबत जातो. पलीकडे बसलेला डॉक्टर पॉलिसीची तारीख बघतो, फॉर्म बघतो, आणि क्वेरी येते: 'पहिल्या निदानाचे कागद पाठवा.' तिथून पुढे फार काही उरत नाही. क्लेम जातो, पॉलिसी रद्द होते, भरलेले हप्तेही बुडतात. पेशंट आत आयसीयूत असतो आणि बाहेर घरातली बाई एटीएममधून पैसे काढत असते.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत शेजारी-शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. २००९ मधल्या प्रकरणात मेडिक्लेम घेताना जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार सांगितलेलाच नव्हता. पॉलिसीनंतर काही महिन्यांतच त्या गृहस्थांचं निधन झालं. पत्नी न्यायालयात गेली आणि हरली. डिसेंबर २०२१ च्या मनमोहन नंदा प्रकरणात त्या गृहस्थांनी परदेश प्रवासाचा विमा घेताना मधुमेह स्पष्ट सांगितला होता. अमेरिकेत पोचताच हृदयविकाराचा झटका आला. आधीचा आजार दडवला, असं म्हणत कंपनीनं पैसे नाकारले. न्यायालयानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला: आजाराची माहिती घेऊन एकदा पॉलिसी दिली की त्याच आजाराचं कारण पुढे करून हात झटकता येणार नाहीत. मधुमेह दोघांनाही होता, फॉर्म वेगवेगळे होते.

आता तुमची भीती, की खरं लिहिलं तर दार बंद होईल. टाइप-२ मधुमेह आहे, गोळ्यांवर आहे, इन्सुलिन नाही, हृदय-मूत्रपिंड-डोळ्यांत अजून काही निघालेलं नाही, अशा माणसाला पॉलिसी मिळते. इतकी माणसं मधुमेहाची आहेत की त्यांना वगळून कंपन्यांचा धंदाच चालणार नाही. मेडिकल तपासणी करायला सांगतील, हप्त्यावर लोडिंग लावतील, म्हणजे त्याच वयाच्या निरोगी माणसापेक्षा जास्त पैसे घेतील. एखादी नाकारेलही, मग दुसरीकडे अर्ज करा. तिथे 'आधी कुणी नाकारलं आहे का' असा प्रश्न असेल, त्याचंही खरं उत्तर द्या. खास मधुमेहींसाठी काढलेल्या पॉलिसीही बाजारात आहेत. काहींमध्ये शुगरशी संबंधित ॲडमिशन पहिल्या दिवसापासून किंवा थोड्या महिन्यांनंतर धरतात. त्यांचा हप्ता जड असतो आणि काहींत को-पे असतो, म्हणजे बिलाचा ठरावीक टक्का तुम्हाला भरावा लागतो. नाव वाचून हुरळून जाऊ नका, को-पे आणि मर्यादा आधी वाचा.

तुम्हाला सांगितलेला सोळा हजारांचा आकडा कधीचा आहे तेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण माफ झाला आहे. जुन्या कोटेशनमध्ये तो धरलेला असू शकतो.

राहिली ती तीन वर्षं. आधीपासून असलेल्या आजाराचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजारासाठी क्लेम न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने असायचा, १ एप्रिल २०२४ पासून ३६ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. पण "तीन वर्षं काहीच मिळणार नाही" हे खरं नाही. वेटिंग शुगरला आणि शुगरमुळे थेट उद्भवणाऱ्या गुंतागुंतीला असतं. पहिले ३० दिवस सोडले, की डेंग्यू झाला, अपेंडिक्स झालं, तर ते पैसे मिळायला हवेत, पेशंट मधुमेही असला तरी. अपघाताला तर ते ३० दिवसही लागू नाहीत. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल अशा ठरावीक शस्त्रक्रियांना मात्र वेगळं वेटिंग असतं, सहसा दोन वर्षांचं. आणि हृदयविकार या काळात आला तर कंपनी तो मधुमेहाशी जोडायचा प्रयत्न करणार, हेही गृहीत धरा.

आणि इथेच तुमच्या हातात असलेली एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. यजमानांचा कंपनीचा मेडिक्लेम. बहुतेक ग्रुप पॉलिसींत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तुमच्या कंपनीत तसं आहे का ते एचआरकडून पॉलिसीची प्रत मागून बघा. असेल, तर स्वतःच्या पॉलिसीच्या वेटिंगची तीन वर्षं तुम्ही कंपनीच्या तीन लाखांच्या आधारानं काढू शकता. आज ४८ व्या वर्षी घेतलीत तर ५१ ला शुगरसकट सगळं कव्हर सुरू. पण "नोकरी आहे तोवर कंपनीचं आहेच" म्हणत थांबलात आणि ५८ ला निवृत्तीच्या महिन्यात पॉलिसी शोधायला निघालात, तर तेव्हा वय जास्त, शुगरची वर्षं जास्त, कदाचित जोडीला आणखी एखादा आजार, आणि वेटिंग ६१ पर्यंत. शिवाय खासगी नोकरी ५८ पर्यंत टिकेलच, हे एमआयडीसीत कोण छातीठोक सांगेल? नोकरी सुटली की ग्रुप मेडिक्लेम सुटला. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण ती सुटण्याआधी विचारून ठेवायची असते. मधुमेहाच्या माणसानं नोकरीत असतानाच स्वतःची पॉलिसी सुरू करावी, हे मी भेटेल त्याला सांगते. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे फोन नोकरी गेल्यावर येतात, आणि तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

यजमानांचा गोळ्यांचा प्रश्न रास्त आहे. साधा आरोग्य विमा महिन्याच्या गोळ्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, डॉक्टरांची फी देत नाही. तो रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो, त्याच्या आगेमागे ३० ते ६० दिवसांची औषधं-तपासण्या आणि डायलिसिससारखे डे-केअर उपचार देतो. ओपीडी कव्हर जोडून मिळतं, पण हिशेब मांडा: वर्षाला दहा हजारांची ओपीडी मर्यादा देऊन हप्ता आठ हजारांनी वाढत असेल तर हाती काय लागलं? आणि "एक दिवस ॲडमिट होऊन सगळ्या तपासण्या क्लेममध्ये बसवू" असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. नुसत्या तपासणीसाठीची ॲडमिशन पॉलिसीत वगळलेलीच असते.

पण म्हणून विमा नको हे मला पटत नाही. अडीच हजारांचा महिन्याचा खर्च तुमचं घर मोडत नाही. नणंदेचे दागिने बायपासनं नेले. शहरातल्या खासगी रुग्णालयात बायपासचं बिल आज तीन-चार लाखांच्या घरात सहज जातं. सोळा हजार दरवर्षी आरडीत टाकले तर दहा वर्षांनी व्याजासह सव्वादोन लाखांच्या आसपास जमतील. आणि दुखणं दुसऱ्याच वर्षी आलं तर आरडीत फक्त बत्तीस हजार असतील.

गोळ्यांचा खर्च कमी करायला वेगळा रस्ता आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "यातली कोणती गोळी जनऔषधीची चालेल?" मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड तिथे अगदी स्वस्त मिळतात. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि जनऔषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या साठ रुपयांना आल्या. एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं, आणि त्याच्याही बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. सात वर्षांपूर्वी लिहून दिलेला महागडा ब्रँड तसाच चालू असेल तर बिल निम्म्यावर यायला वाव आहे. फक्त गोळी स्वतःच्या मनानं बदलू नका. वाचलेले पैसे खुशाल आरडीत टाका, कारण कितीही चांगली पॉलिसी असली तरी काही रक्कम खिशातून जातेच.

पॉलिसी निवडताना बाकीच्या शंभर गोष्टी सोडून मधुमेहींनी काही ठिकाणी थांबून वाचावं. एक, खोलीच्या भाड्याची मर्यादा. पॉलिसीत दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे आणि तुम्ही आठ हजारांची खोली घेतलीत, तर वरचे तीन हजारच जातील असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. हे खर्च एक लाख साठ हजार झाले तर पाच-अष्टमांश, म्हणजे एक लाखच मिळतात. साठ हजार तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या या कापणीत येत नाहीत, तेवढाच दिलासा. म्हणून भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, किंवा किमान 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं लिहिलेली.

दुसरं, डोळे. शुगरनं पडद्याला सूज आली की डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतात. ती एकदा देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा लागतात. बऱ्याच पॉलिसी यावर वेगळी मर्यादा लावतात. 'इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन' या शब्दापुढे काय आकडा आहे ते शोधा. एजंटला हे सहसा कुणी विचारत नाही. तिसरं, वर्षाची मोफत तपासणी. पॉलिसीत असेल तर ती न चुकता करा, आणि एचबीए१सी, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, डोळ्यांचा पडदा यांतलं जे तिच्यात नसेल ते स्वतः करा.

पॉलिसी घेताना तुमच्या दोघांची आणि मुलांची एकच फॅमिली फ्लोटर, म्हणजे एकाच रकमेत सगळं कुटुंब, घेण्यापेक्षा यजमानांची स्वतंत्र आणि तुमची तिघांची वेगळी असा भाव काढून बघा. फ्लोटरचा हप्ता सगळ्यात मोठ्या वयावरून ठरतो, आणि यजमानांच्या एका मोठ्या दुखण्यात सगळ्यांचीच रक्कम संपू शकते. मूळ पॉलिसीच्या रकमेवर आणखी संरक्षण हवं असेल तर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी, स्वस्तात पडतो. त्यातही शुगर लिहायचीच आणि वेटिंग त्यालाही असतं. एकदा घेतल्यावर हप्ता चुकवू नका. वार्षिक हप्ता भरायला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, तीही ओलांडली की वेटिंगची साठवलेली वर्षं हातची जातात. विमा कंपनीचा अनुभव वाईट आला तर पोर्टिंग करता येतं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या विमा कंपनीत नेता येते. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी हालचाल करायची, म्हणजे भरलेलं वेटिंग नव्या कंपनीत धरलं जातं.

सासूबाईंसाठी खासगी पॉलिसीच्या मागे लागण्याआधी सरकारी कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे आणि जुन्या आजारांना वेटिंग नाही. आधार कार्ड लागतं. आयुष्मान ॲपवर किंवा योजनेतल्या रुग्णालयात जे आरोग्यमित्र बसतात त्यांच्याकडून 'वय वंदना' कार्ड काढून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही २०२४ पासून रेशनकार्डाच्या रंगाची अट न ठेवता पाच लाखांपर्यंत खुली झाली आहे, म्हणजे तुम्हालाही ती आहे. अडचण एवढीच, की उपचार योजनेतल्याच रुग्णालयात आणि यादीतल्याच आजारांवर मिळतात. म्हणून आजारी पडण्याआधी एका दुपारी घराजवळच्या रुग्णालयात जाऊन आरोग्यमित्रांना विचारून या, "हृदयाचं, किडनीचं इथे योजनेत होतं का?" सासूबाईंना वयामुळे नाकारत असतील तर तेही आता नियमात बसत नाही, ६५ ची मर्यादा २०२४ मध्ये काढली गेली. आजारपणामुळे मात्र नाकारू शकतात.

यजमानांना कंपनीत कळू द्यायचं नाही, त्याबद्दल थोडं बोलते, कारण मला वाटतं फॉर्ममधल्या 'नाही'चं मूळ तिथेही आहे. स्वतःच्या वैयक्तिक पॉलिसीची माहिती नोकरीच्या ठिकाणी जात नाही, हे त्यांना आधी सांगा. कंपनीच्या मेडिक्लेमचा उपयोग करायची वेळ आली तर कागद विमा कंपनीकडे जातात, सहकाऱ्यांच्या टेबलावर नाही. आणि ताई, सात वर्षं गोळ्या न चुकवता घेऊन ७.४ वर ठेवलेली शुगर ही लपवायची गोष्ट नाही. अनेकांना ते जमत नाही. पण शिफ्टमध्ये उभं राहून काम करणाऱ्या माणसाची शुगर उतरली, घाम फुटला, तर शेजारच्या एकाला तरी माहीत असायला हवं की याला साखर द्यायची. निदान एका विश्वासातल्या माणसाला सांगायला लावा.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी आधीच शुगर लपवून पॉलिसी घेतली आहे, त्यांनी दुखणं येण्याची वाट बघू नये. विमा कंपनीला लेखी कळवा, ईमेलनं कळवा म्हणजे पुरावा राहतो. हप्ता वाढेल, वेटिंग नव्यानं लागेल, क्वचित पॉलिसी रद्दही होईल. तरीही आयसीयूच्या दारात रद्द होण्यापेक्षा आज, तब्येत ठीक असताना, दुसरी शोधता येईल अशा वेळी झालेलं बरं.

खरं लिहूनही क्लेम नाकारला गेला तर गप्प बसू नका. नकाराचं कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागा. २०२४ च्या नियमांनुसार कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. १५५२५५ हा आयआरडीएआयचा टोल-फ्री नंबरही आहे. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. या सगळ्यात एक कागद सोन्यासारखा जपा: यजमानांचं शुगरचं पहिलं निदान झालं तो रिपोर्ट. ॲडमिट करताना गोंधळात नातेवाईक "असेल दहा-बारा वर्षं" असं अंदाजानं सांगतात, तोच आकडा केसपेपरवर चढतो आणि मग खरं लिहिणारा माणूसही खोटा ठरतो. निदानाचं वर्ष घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या, मुलीलासुद्धा.

आता जाऊबाईंच्या भावांचं. नात्यातल्या माणसाला डावलायला तुम्हाला जड जात असेल, तर त्यांच्याकडूनच घ्या, पण फॉर्म तुमच्या घरी, तुमच्या समोर भरला जाऊ दे. हल्ली फॉर्म मोबाइलवर भरतात आणि तुमच्याकडे फक्त ओटीपी मागतात. तो ओटीपी म्हणजे यजमानांची सही आहे. आरोग्याच्या प्रश्नांचं पान स्वतः वाचल्याशिवाय तो देऊ नका. नंतर विमा कंपनीच्या डॉक्टरांचा फोन येईल, तो रेकॉर्ड होतो. "सगळ्याला नाही म्हणा" असं आधी कुणी सांगून ठेवलं असलं तरी यजमानांनी तिथेही शुगर सांगायची. पॉलिसी हातात आली की शेड्यूलमधला, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावरचा, 'प्री-एक्झिस्टिंग डिसीज' (आधीपासूनचा आजार) हा रकाना बघा. तिथे डायबेटिस लिहिलेलं हवं. 'निल' असेल तर त्याच दिवशी ईमेल करून दुरुस्ती मागा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत न पटल्यास ती परतही करता येते. सोबत ग्राहक माहिती पत्रक येतं, ते मराठीतून मागा.

आणि भाऊ म्हणाले की असं लिहून मी पॉलिसी काढून देणार नाही, तर चहा-पाणी करून त्यांना निरोप द्या आणि थेट कंपनीच्या शाखेत किंवा वेबसाइटवर जाऊन घ्या. त्यांचं कमिशन जाईल, नातं जायचं कारण नाही. जाऊबाईंना मात्र हे तुम्हीच आधी जाऊन सांगा, त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको.